शिकाऊ चालकांचा अल्पमुदतीचा मोटार विमा (युनायटेड किंग्डम)

शिकाऊ चालकांचा अल्पमुदतीचा मोटार विमा हा युनायटेड किंग्डममध्ये प्रचलित असलेला मोटार विम्याचा एक प्रकार आहे. शिकाऊ परवाना (प्रोव्हिजनल लायसन्स) धारण करणारी व्यक्ती वाहनचाचणीच्या तयारीसाठी आई-वडील, नातेवाईक किंवा मित्र यांच्या अथवा स्वतःच्या खासगी मोटारीवर सराव करते, त्या काळापुरता हा विमा घेतला जातो. त्याची मुदत काही तास किंवा काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत असते. गाडीमालकाच्या वार्षिक विम्याला धक्का न लावता शिकाऊ चालकाला स्वतंत्र संरक्षण मिळणे हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. चालक चाचणी उत्तीर्ण होताच हे संरक्षण सहसा संपुष्टात येते.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने त्रयस्थ पक्ष विमा (थर्ड पार्टी इन्शुरन्स) सक्तीचा करण्यात आला. १९३४ च्या कायद्यानुसार नव्या चालकांसाठी वाहनचाचणीची तरतूद झाली. १ एप्रिल १९३४ रोजी वा त्यानंतर वाहन चालवू लागलेल्यांना १ जून १९३५ पासून ही चाचणी बंधनकारक ठरली. शिकाऊ चालकाची ओळख पटावी म्हणून गाडीवर लावायची ‘एल’ पाटीही १९३५ मध्येच प्रचारात आली. विमा नसलेल्या किंवा पळून गेलेल्या चालकांमुळे नुकसान सोसणाऱ्यांना भरपाई देण्यासाठी १९४६ मध्ये मोटार इन्शुरर्स ब्युरो ही संस्था स्थापन झाली. १९९६ पासून प्रत्यक्ष चाचणीपूर्वी लेखी परीक्षाही द्यावी लागते.

चाचणी घेणाऱ्या ड्रायव्हर अँड व्हेइकल स्टँडर्ड्स एजन्सी या सरकारी संस्थेच्या माहितीनुसार, चाचणी उत्तीर्ण होण्यासाठी शिकाऊ चालकाला सरासरी ४५ तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण आणि २२ तासांचा खासगी सराव लागतो. प्रशिक्षकाच्या गाडीचा विमा प्रशिक्षक किंवा प्रशिक्षण संस्था उतरवते. त्यामुळे विम्याचा प्रश्न प्रामुख्याने खासगी सरावाच्या वेळी उद्भवतो.

कायदेशीर चौकट

शिकाऊ चालकावरील अटी

ग्रेट ब्रिटनमध्ये वयाच्या १५ वर्षे ९ महिन्यांपासून शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करता येतो, परंतु मोटार चालवण्यास वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. विशिष्ट अपंगत्व भत्ता मिळणाऱ्यांना ही मर्यादा १६ वर्षे आहे. खासगी सरावाच्या वेळी पुढील अटी पाळाव्या लागतात :

• सोबत बसणारी व्यक्ती २१ वर्षांहून अधिक वयाची असावी आणि तिच्याकडे किमान ३ वर्षांपासून पूर्ण परवाना असावा.
• ती व्यक्ती त्या प्रकारचे वाहन चालवण्यास पात्र असावी. केवळ ऑटोमॅटिक गाडीचा परवाना असलेल्याला हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाडीत शिकाऊ चालकासोबत बसता येत नाही.
• गाडीच्या पुढे व मागे ‘एल’ पाटी लावलेली असावी. वेल्समध्ये तिच्याऐवजी ‘डी’ पाटीही चालते.
• नोंदणीकृत प्रशिक्षकाखेरीज अन्य कोणीही शिकवण्याबद्दल पैसे घेऊ नयेत.
• मोटारमार्गावर खासगी सराव करू नये. ४ जून २०१८ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये शिकाऊ चालकांना मोटारमार्गावर जाण्याची मुभा मिळाली, परंतु ती मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबत आणि दुहेरी नियंत्रणे असलेल्या गाडीपुरतीच आहे.

सोबतची व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने केवळ प्रवासी नसते. मद्यपानाची मर्यादा आणि हातात मोबाइल धरून वापरण्यावरील बंदी तिलाही लागू होते. योग्य व्यक्ती सोबत नसताना गाडी चालवल्यास शिकाऊ चालकाला १,००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ६ पर्यंत दंडगुण होऊ शकतात.

विम्याची सक्ती

१९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम १४३ नुसार सार्वजनिक रस्त्यावर विम्याविना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. विमा नसलेल्या व्यक्तीला आपली गाडी चालवू देणाऱ्यावरही याच कलमाखाली कारवाई होते. त्यामुळे मुलाच्या हाती गाडी देणारे आई-वडीलही दोषी ठरू शकतात. पोलिसांनी जागेवर केलेल्या कारवाईत ३०० पौंड दंड आणि ६ दंडगुण होतात. प्रकरण न्यायालयात गेल्यास दंडाला कमाल मर्यादा नाही आणि वाहन चालवण्यास बंदीही घातली जाऊ शकते. गाडी जप्त करण्याचा अधिकारही पोलिसांना आहे.

शिकाऊ चालकाच्या बाबतीत या दंडगुणांचा परिणाम दूरगामी असतो. शिकाऊ काळात मिळालेले दंडगुण चाचणी उत्तीर्ण झाल्यावर पुसले जात नाहीत, ते मुदत संपेपर्यंत पूर्ण परवान्यावर कायम राहतात. १९९५ च्या नवीन चालकांविषयीच्या कायद्यानुसार पहिली चाचणी उत्तीर्ण झाल्यापासून २ वर्षांच्या आत नव्या गुन्ह्यामुळे एकूण दंडगुण ६ किंवा अधिक झाले, तर परवाना रद्द होतो. मग लेखी परीक्षा आणि वाहनचाचणी दोन्ही पुन्हा द्याव्या लागतात.

गरज

ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विमापत्रात गाडी कोण चालवू शकेल हे सहसा नावानिशी नमूद असते. गाडीचा विमा आहे म्हणून ती चालवणाऱ्या प्रत्येकाला संरक्षण मिळते असे नाही. शिकाऊ चालकाला संरक्षण देण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे मालकाच्या वार्षिक विमापत्रात शिकाऊ चालकाचे नाव जोडणे. यात हप्ता वाढू शकतो, तसेच शिकाऊ चालकाकडून अपघात झाल्यास दावा मालकाच्या विम्यावर पडून त्याचा अनेक वर्षांत साठलेला नो-क्लेम बोनस कमी होऊ शकतो. दुसरा मार्ग म्हणजे शिकाऊ चालकाने स्वतःच्या गाडीचा वार्षिक विमा घेणे. सरावाला काही आठवडेच लागणार असतील तर तो खर्चिक ठरतो. तिसरा मार्ग अल्पमुदतीच्या विम्याचा. यात दावा शिकाऊ चालकाच्या स्वतंत्र विमापत्रावर नोंदवला जातो आणि मालकाचा बोनस अबाधित राहतो.

चाचणीची तारीख मिळण्यातील अनिश्चितता हेही अल्पमुदतीच्या विम्याला मागणी असण्याचे एक कारण आहे. कोविड-१९ साथीच्या काळात चाचण्या स्थगित राहिल्याने प्रतीक्षा यादी बरीच लांबली. शिवाय अनुत्तीर्ण उमेदवाराला पुढील चाचणीपूर्वी किमान १० कामकाजाचे दिवस थांबावे लागते. अशा वेळी सराव सुरू ठेवण्यासाठी लागेल तेवढ्याच मुदतीचा नवा विमा घेता येतो.

स्वरूप

हा विमा बहुधा सर्वसमावेशक (कॉम्प्रिहेन्सिव्ह) असतो. म्हणजे त्रयस्थ व्यक्तीची इजा व मालमत्तेचे नुकसान यांबरोबरच चालवत असलेल्या गाडीच्या नुकसानीचाही त्यात समावेश होतो. दाव्यातील ठरावीक रक्कम मात्र विमाधारकाला स्वतः भरावी लागते. तरुण व शिकाऊ चालकांच्या बाबतीत ही रक्कम मोठी असू शकते, म्हणून किरकोळ ओरखड्यांसाठी दावा करणे अनेकदा परवडत नाही.

दुसऱ्याच्या गाडीवर सराव करायचा असल्यास त्या गाडीचा मूळ वार्षिक विमा चालू असावा, अशी अट अनेक विमापत्रांत आढळते. २०११ पासून रस्त्यावरून अधिकृतपणे काढून घेतलेली वाहने वगळता प्रत्येक नोंदणीकृत वाहनाचा विमा अखंड चालू ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. काही आठवड्यांचा शिकाऊ विमा ही जबाबदारी वर्षभरासाठी पूर्ण करत नाही.

विमा कंपनीच्या अटी कायद्यापेक्षा कडक असू शकतात. कायद्याने सोबतच्या व्यक्तीचे वय २१ वर्षांहून अधिक असणे पुरेसे असले, तरी काही कंपन्या ते २५ वर्षांहून अधिक असण्याची अट घालतात. गाडीची किंमत आणि इंजिनाची क्षमता यांवरही मर्यादा असू शकतात.

हप्ता

हप्ता ठरवताना चालकाचे वय, राहण्याचा परिसर, गाडीचा प्रकार आणि विम्याची मुदत विचारात घेतली जाते. युरोपीय न्यायालयाच्या २०११ मधील निर्णयानंतर, २१ डिसेंबर २०१२ पासून, चालक स्त्री आहे की पुरुष यावरून हप्ता ठरवता येत नाही. हप्त्यावर १२ टक्के विमा कर आकारला जातो.

शिकाऊ चालकाचा हप्ता नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या तरुण चालकाच्या हप्त्यापेक्षा सहसा कमी असतो. शिकाऊ चालकाशेजारी अनुभवी व्यक्ती बसलेली असते, तर नवा परवानाधारक एकटा गाडी चालवू लागतो. विमा कंपन्यांच्या दृष्टीने जोखीम तेथे वाढते.

वाहनचाचणी आणि विमा

बहुतेक उमेदवार प्रशिक्षकाच्या गाडीतून चाचणी देतात, परंतु खासगी गाडीतूनही ती देता येते. त्यासाठी गाडी सुस्थितीत असावी, तिचा कर भरलेला असावा आणि चाचणीदरम्यान उमेदवाराने ती चालवण्याला विम्याचे संरक्षण असावे. परीक्षकासाठी जादा आरसा आणि ‘एल’ पाट्याही लागतात. अटी पूर्ण नसल्यास चाचणी रद्द होते आणि शुल्क बुडते. सरावासाठी घेतलेल्या विम्यात चाचणीचा समावेश असतोच असे नाही, त्यामुळे विमापत्रातील उल्लेख तपासणे आवश्यक ठरते.

उमेदवार अनुत्तीर्ण झाल्यास तो शिकाऊ चालकच राहतो आणि मुदत शिल्लक असल्यास विमाही चालू राहतो. उत्तीर्ण झाल्यास मात्र स्थिती बदलते. उमेदवाराला त्या क्षणापासून एकट्याने गाडी चालवण्याचा अधिकार मिळतो, पण शिकाऊ परवान्याच्या आधारावर दिलेला विमा सहसा त्याच क्षणी संपतो. चाचणी केंद्रावरून घरी परतताना नवा परवानाधारक विम्याविना गाडी चालवत असण्याचा धोका येथे निर्माण होतो.

अशा वेळी सोबतच्या व्यक्तीने गाडी चालवणे हा एक उपाय असतो, परंतु तिलाही त्या गाडीवर विमा असावा लागतो. केवळ शेजारी बसून देखरेख करण्यासाठी त्या गाडीवर स्वतःचा विमा असण्याची सक्ती नसल्याने ही बाब अनेकदा चाचणीच्या दिवशीच लक्षात येते. चाचणीपूर्वीच नवीन चालकासाठीच्या विम्याची व्यवस्था करून ठेवणे हा दुसरा उपाय आहे.

अटींचा भंग आणि चुकीची माहिती

शिकाऊ चालकाने सोबतीविना गाडी चालवून अपघात केल्यास गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. जखमी त्रयस्थाला न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई मात्र १९८८ च्या कायद्यातील कलम १५१ नुसार कंपनीला सामान्यतः द्यावी लागते, आणि ती रक्कम नंतर चालकाकडून वसूल करण्याचा हक्क तिला मिळू शकतो. अशा प्रकारे अपघातग्रस्त सुरक्षित राहतो, पण आर्थिक भार चालकावर येऊ शकतो.

प्रत्यक्षात मुलगा किंवा मुलगी गाडी मुख्यत्वे चालवत असताना हप्ता वाचवण्यासाठी आई-वडिलांना मुख्य चालक दाखवणे याला ब्रिटनमध्ये ‘फ्रंटिंग’ म्हणतात. हा फसवणुकीचा प्रकार मानला जातो. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्यास कंपनी विमा करार रद्द ठरवून दावा फेटाळू शकते.

नेटलशिप विरुद्ध वेस्टन खटला

शिकाऊ चालकाच्या उत्तरदायित्वाबाबत इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा १९७१ मधील ‘नेटलशिप विरुद्ध वेस्टन’ हा निर्णय मूलभूत मानला जातो. नेटलशिप हे व्यावसायिक प्रशिक्षक नव्हते. परिचयातील श्रीमती वेस्टन यांना त्यांच्या पतीच्या गाडीवर शिकवण्यास होकार देण्यापूर्वी, अपघात झाल्यास आपल्याला विम्याचे संरक्षण आहे का, याची त्यांनी खात्री करून घेतली होती. तिसऱ्या धड्याच्या वेळी वळण घेतल्यानंतर गाडी सरळ झाली नाही. ती दिव्याच्या खांबावर आदळली आणि नेटलशिप यांच्या गुडघ्याची वाटी मोडली.

शिकाऊ चालकाकडूनही सक्षम व अनुभवी चालकाइतक्याच दक्षतेची अपेक्षा कायदा करतो, असे न्यायालयाने ठरवले. नवशिकेपणा ही सबब मान्य झाली नाही. विम्याची आधी चौकशी केल्यामुळे नेटलशिप यांनी जोखीम स्वतःहून पत्करली होती, हा युक्तिवादही फेटाळला गेला. मात्र गाडीवरील नियंत्रणात त्यांचाही वाटा असल्याने भरपाई निम्म्याने कमी करण्यात आली. मोटार विमा सक्तीचा असल्यामुळे न्यायालये चालकांकडून अधिक उंच निकषाची अपेक्षा करू लागली, असे निरीक्षण लॉर्ड डेनिंग यांनी या निकालात नोंदवले. शिकाऊ चालकाचे कौशल्य अपुरे असले तरी त्याचे उत्तरदायित्व पूर्ण असते, या तत्त्वामुळे त्याच्या विम्याला विशेष महत्त्व प्राप्त होते.

भारतीय परवानाधारक

शिक्षण किंवा नोकरीसाठी ग्रेट ब्रिटनमध्ये वास्तव्यास गेलेल्या व्यक्तीला वैध भारतीय परवान्यावर तेथे १२ महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. परवान्यांच्या थेट अदलाबदलीची सोय असलेल्या देशांत भारताचा समावेश नाही. त्यामुळे त्यानंतर वाहन चालवत राहण्यासाठी शिकाऊ परवाना घेऊन तेथील चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. ही मुदत उलटल्यावर भारतात अनेक वर्षे गाडी चालवलेली व्यक्तीही ब्रिटिश कायद्याने शिकाऊ चालक ठरते आणि वरील सर्व अटी तिला लागू होतात. तसेच केवळ भारतीय परवाना असलेल्या नातेवाईकाला शिकाऊ चालकासोबत देखरेखीसाठी बसता येत नाही.

भारतातील स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. मात्र येथील विमा प्रामुख्याने वाहनाशी निगडित असून चालकांची नावे विमापत्रात सहसा दिलेली नसतात. शिकाऊ अनुज्ञप्ती धारण करणारी व्यक्ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ चे पालन करत असल्यास प्रमाणित विमापत्रानुसार तिला गाडी चालवता येते. या नियमानुसार अनुज्ञप्तीधारक व्यक्ती शिकवण्यासाठी सोबत असावी लागते आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर लावावे लागते. २००४ मधील ‘नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग’ या खटल्यात, शिकाऊ अनुज्ञप्ती हीदेखील अनुज्ञप्तीच असून केवळ त्या कारणावरून विमा कंपनीला त्रयस्थाप्रति असलेली जबाबदारी टाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामुळे सरावासाठी ब्रिटनप्रमाणे स्वतंत्र अल्पमुदतीचा विमा घेण्याची गरज भारतात सहसा भासत नाही.