परळच्या चाळींतला सुभेदार



कोरेगांव भीमा येथें जो विजयस्तंभ उभा आहे, त्यावर १ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतील कित्येक नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हीं अक्षरें येतात. तीं नांवें महार शिपायांचीं होत. रणांगणावर जो पडतो त्याचें नांव असें कधीं कधीं दगडावर तरी राहतें. परंतु जो पंचवीस वर्षें चाकरी करून पेन्शनीवर घरीं येतो आणि चाळींतल्या एका खोलींत म्हातारा होऊन मरतो, त्याचें स्मारक कोण उभारणार? शेजाऱ्यांच्या बोलण्यांत तो कांहीं दिवस राहतो, मुलांच्या मनांत कांहीं वर्षें राहतो. अशाच एका सुभेदाराची आठवण आज करावयाची आहे. त्यांचें नांव रामजी मालोजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील ही त्यांची ओळख सर्वांसच आहे; पण त्या ओळखीच्या आड खुद्द सुभेदार बरेचसे झांकले गेले आहेत.

सकपाळ घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गांवचें. कंपनी सरकारच्या अमदानीपासून या घराण्यानें गांवकीचें काम सोडून लष्कराची वाट धरली होती. रामजींच्या पत्नी भीमाबाई या मुरबाडकरांच्या घराण्यांतल्या. त्यांच्या माहेरींही पलटणीचीच परंपरा होती. गांवांत ज्याची सावलीसुद्धां टाळली जाई, त्या माणसाच्या हातीं पलटणींत दोन वस्तू येत : एक बंदूक आणि दुसरी पाटी. शिपायांना व त्यांच्या मुलाबाळांना शिकविण्यासाठीं लष्करांत शाळा होत्या आणि तेथलें शिक्षण सक्तीचें होतें. रामजींनीं पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलांत अध्यापनाचें शिक्षण घेतलें आणि पुढें चौदा वर्षें ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे या सुभेदाराच्या सेवेचा मोठा काळ फळ्यापाशींच गेला. महू येथें ते नोकरीवर असतांना १४ एप्रिल १८९१ रोजीं त्यांचें चौदावें अपत्य जन्मास आलें, तेच भीमराव.

यानंतर लौकरच, १८९२ च्या सुमारास, सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली. अमुक जाती लढवय्या आणि अमुक जाती लढवय्या नव्हेत, असा एक सिद्धांत तेव्हां लष्करी वरिष्ठांच्या डोक्यांत बसला होता. ज्या दारानें आपलें घराणें माणसांत आलें तें दार आपल्या डोळ्यांदेखत बंद व्हावें, याचें दुःख रामजींस किती झालें असेल याची कल्पना करावी. या हुकुमाविरुद्ध अर्ज करण्याच्या कामीं त्यांनीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें साहाय्य मागितलें, अशी हकीकत चरित्रकारांनीं दिली आहे. हुकूम फिरला नाहीं. रामजी सेवानिवृत्त झाले, कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास गेलें, आणि १८९६ सालीं भीमाबाई वारल्या.

सुभेदारी हा मानाचा हुद्दा खरा. पण त्याचा मान छावणीच्या कुंपणाबाहेर चालत नसे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट आहे. रामजी तेव्हां खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें खजिनदाराच्या नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुटींत भीमराव, त्यांचे बंधु व भाचे त्यांस भेटावयास निघाले. नोकराच्या विसराळूपणामुळें मुलांचें पत्र रामजींच्या हातीं पडलेंच नाहीं आणि मसूर स्टेशनावर कोणी न्यावयास आलें नाहीं. मुलांची जात कळतांच स्टेशनमास्तर मागें सरले. दुप्पट भाडें कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला. तोही गाडी मुलांनीं हांकावी व आपण बरोबर चालावें या अटीवर. बरोबर फराळाचें होतें, पण पाणी कोणी देईना. म्हणून तीं मुलें रात्रभर उपाशी राहिलीं. बाबासाहेबांनीं ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. सरकारच्या सैन्यांत अधिकारपदास चढलेल्या माणसाच्या मुलांची ही अवस्था होती.

१९०४ च्या सुमारास हें कुटुंब मुंबईस आलें व परळ भागांतील डबक चाळींत राहूं लागलें. गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणारी व निजणारी ती वस्ती. एकच खोली, तींतच चूल, तींतच सरपण, तींतच जातें आणि जवळच शेळी. अशा जागेंत विद्यार्थ्यानें अभ्यास कोठें करावा? यावर सुभेदारांनीं एक लष्करी तोड काढली. मुलास त्यांनीं लौकर निजवावें आणि स्वतः पहांटे दोन वाजेपर्यंत जागत बसावें. दोन वाजले कीं मुलास उठवावें व त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर आपण अंग टाकावें. सारी चाळ निजलेली असतांना रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याजवळ मुलगा वाचीत बसे. छावणींत पहारा बदलतो तसा हा पहारा त्या खोलींत बदलत असे.

पेन्शन दरमहा पन्नास रुपये. तींत संसार चालावयाचा, आणि मुलास पुस्तकांचा नाद लागलेला. पुस्तक हवें असें मुलानें म्हटलें कीं वडील लग्न होऊन गेलेल्या आपल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन घरीं येत. पेन्शन हातीं पडली म्हणजे दागिना सोडवून परत पोंचता करीत. लेकीकडे दिलेला दागिना मागावयास जाणें बापास किती जड जात असेल, हें आपल्याकडे कोणास सांगावयास नको.

हे सुभेदार शांत आणि सदैव गोड स्वभावाचे होते असें मात्र कोणीं समजूं नये. ते कबीरपंथी होते व घरांत त्यांची शिस्त कडक होती. त्यांनीं दुसरें लग्न केलें तें भीमरावांस रुचलें नव्हतें. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून त्या मुलाचें मन इतकें दुखावलें कीं, पळून जाऊन मुंबईच्या गिरणींत काम करावें असा त्यानें निश्चय केला व प्रवासखर्चासाठीं आत्याची पिशवी लांबविली. तींत निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्यानें तो लाजला आणि अभ्यासाला लागला. बापलेकांचें प्रेम असें रागालोभांतून तावून निघालेलें होतें.

पुढें भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर समाजांतील मंडळींनीं सत्काराची सभा भरविण्याचा बेत केला, तेव्हां वडिलांनीं साफ नकार दिला. असल्या सभेनें मुलाच्या डोक्यांत वारें शिरेल असें त्यांचें म्हणणें पडलें. मंडळी निराश होऊन दादा केळुसकरांकडे गेली. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलांतील शिक्षक व रामजींचे स्नेही. गिरगांवांत चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसणाऱ्या या विद्यार्थ्यास ते ओळखीत होते. त्यांच्या शब्दाखातर सुभेदार नमले, सभा झाली व तींत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भीमरावांस भेट दिलें. त्या भेटीचें महत्त्व पुढें साऱ्या देशास कळलें.

भीमराव १९०७ सालीं मॅट्रिक झाले. मग सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले आणि १९१३ च्या आरंभीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. या नोकरीस वडिलांचें मन अनुकूल नव्हतें. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव तसेच निघाले. वाटेंत सुरत स्टेशन आलें. वडिलांसाठीं थोडी मिठाई घ्यावी म्हणून ते खालीं उतरले आणि गाडी सुटली! दुसरी गाडी मिळून ते दुसरे दिवशीं घरीं पोंचले तेव्हां सुभेदारांनीं मुलाकडे पाहिलें, त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. ज्या बापानें मुलासाठीं रात्रींचा एकेक तास जपला, त्याच्या सहवासाचा एक दिवस मुलाच्या हातून निसटला. आणि तोही बापाला कांहीं गोड न्यावें या मायेपायीं. मिठाईच्या पुड्याचें त्या घरांत काय झालें असेल, हा विचार मनांतून जातां जात नाहीं.

त्याच वर्षीं भीमराव कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं अमेरिकेस गेले. १९१७ सालीं महायुद्धाच्या निकडीनें महारांची एक पलटण उभारण्यांत आली, ती १९२१ सालीं मोडली. १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हां कोठें तें बंद दार पुन्हां उघडलें. सुभेदारांस तें पाहावयास मिळालें नाहीं. पण १९२७ सालीं महाडच्या परिषदेस जमलेल्यांमध्यें पेन्शनीवर आलेले शिपाई होते. वाचतां येणारे, रांगेंत उभे राहणारे, आणि अपमान ओळखणारे. रामजी हयात असते तर त्यांत बसले असते, असें मला नेहमीं वाटतें.

बाबासाहेबांचें बिऱ्हाड पुष्कळ वर्षें परळच्या पोयबावडीवरील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत, ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत होतें. नंतर त्यांनीं दादरच्या हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें, तें मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा व्हावी म्हणून. आणि १९२३ सालीं प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील आपला मोठा ग्रंथ त्यांनीं आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

सुभेदार रामजींचें नांव कोणत्याही रणस्तंभावर नाहीं. तें त्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेंत आहे, असें मी समजतों. आणि परळला आजही एखाद्या खोलींत रात्रीं उशिरां दिवा जळत दिसला, म्हणजे त्याच्या पलीकडे कोणीतरी वडीलधारें माणूस जागें असेल अशी आठवण होऊन मन भरून येतें.