सुराआधीचा सराव



प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात बॅगपाइपचे सूर ऐकले की मुलांना वाटते, आपणही असेच वाजवावे. पण आठ दिवस नुसते स्वर घोटून घेतले की तीच मुले विचारतात, “सर, गाणे केव्हा?” या प्रश्नाचे उत्तर त्या वाद्याच्या इतिहासातच सापडते.

बॅगपाइपच्या पिशवीत हवा साठविलेली असते. म्हणून सूर अखंड चालू राहतो. बासरीवाला जिभेने वा श्वासाने स्वर तोडतो, येथे ती सोय नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा, तर मध्ये बोटाने क्षणभर दुसरा स्वर उमटवावा लागतो. यास्तव शिकाऊ वादकाला प्रथम पिशवी देत नाहीत. तोंडाने फुंकायची साधी सरावनळी, तिचे नऊ स्वर आणि बोटांचे तेच तेच पाठ, तेही अगदी सावकाश! कित्येक महिने हेच चालते. घाईने चूक घोटली, तर चूकच पक्की होते.

या वाद्याच्या वादनपद्धतीवरील सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ जोसेफ मॅकडोनल्ड या स्कॉटिश तरुणाचा. इ. स. १७६० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी तो हिंदुस्थानकडे निघाला आणि बोटांच्या या बारकाव्यांची त्याने तपशीलवार नोंद केली. थोड्याच वर्षांत तो बंगालमध्ये वारला. त्याचे हस्तलिखित मात्र टिकले व १८०३ साली प्रसिद्ध झाले. पुढे स्कॉटिश पलटणींबरोबर हे वाद्य येथे आले आणि गुरखा, शीख, पंजाबी पलटणींनी ते आपलेसे केले.

आपल्याकडील सनईचेही तसेच. उस्ताद बिस्मिल्ला खाँ मामांकडे शिकले. वाराणसीच्या बालाजी मंदिरात त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला. २००१ साली भारतरत्न मिळाले, त्यामागे हा रियाज होता.

अंबरनाथच्या कारखान्यांत राबणाऱ्या पालकांना हे सांगायला नको. फिटरचे काम शिकणाऱ्याच्या हाती आधी कानस येते. लोखंडाचा तुकडा काटकोनात घासता आला, मगच पुढचे काम. तेव्हा आपले मूल पाढे, व्याकरण वा हस्ताक्षर घोटत बसले, तर “वेळ वाया घालवतोस” असे म्हणू नका. जवळ बसा, सावकाश करू द्या. पाया भरला की इमारत उभी राहतेच.