एक खोली आणि खुरटलेलें मूल

शहरांतील गलिच्छ वस्त्यांत वाढणारीं मुलें वयाच्या मानानें बुटकीं असतात, ही गोष्ट आतां कोणी नाकारीत नाहीं. परंतु तिचें कारण काय, असें विचारल्यास सुशिक्षितांच्या बैठकींत तीन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, हा वंशाचा गुण. आईबापच ठेंगणे, तेथें मूल उंच कोठून होणार? कोणी म्हणतो, पोटाला पुरेसें मिळत नाहीं. आणि तिसरा म्हणतो, आया अडाणी. मूल कसें वाढवावें हें त्यांस समजत नाहीं. या उत्तरांची परीक्षा वैद्यकशास्त्र आपल्या पद्धतीनें करीतच आहे. प्रस्तुत लेखांत ती इतिहासाच्या साह्यानें करावयाची आहे, आणि त्यासाठीं मुंबईइतकें सोईचें शहर सांपडणें कठीण. कारण या प्रश्नाशीं हें शहर सव्वाशें वर्षें झगडत आलें आहे, आणि दर पिढीनें त्याचें एकेक कारण शोधून तेंच सर्वस्व मानलें आहे.

प्रथम वंशाची गोष्ट निकालांत काढूं. १९९७ ते २००३ या काळांत जागतिक आरोग्य संघटनेनें ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुस्थितींत वाढणाऱ्या मुलांचीं मापें घेतलीं. आपल्या देशांतील मुलें दक्षिण दिल्लींतील होतीं. आहार व आरोग्य यांची नीट सोय असेल तर पहिल्या पांच वर्षांत या सर्व देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढते, असें त्यांत दिसून आलें, व त्यावरून २००६ सालीं प्रमाणमापें ठरलीं. त्यांच्या मध्यापासून दोन प्रमाण-विचलनांहून अधिक खालीं ज्याची उंची, तें मूल खुरटलेलें, अशी शास्त्रीय व्याख्या आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पांच वर्षांखालील शेंकडा ३५.५ मुलें या रेषेखालीं होतीं. महाराष्ट्रांत शेंकडा ३५.२. आई ठेंगणी असल्यास मूल ठेंगणें होण्याचा संभव अधिक, हें खरें. पण ती आई स्वतः कोणत्या घरांत वाढली, हा प्रश्न मग उरतोच.

आतां इतिहासाकडे वळूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचें निदान केलें, आणि गरिबांच्या खोलींत काय चाललें आहे तें पाहण्याची पाळी शहरावर प्रथमच आली. रोगाचें मूळ कोंदट हवेंत व अंधारांत आहे, अशी त्या काळची समजूत होती. तिला अनुसरून १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले गेले. हवा खेळूं लागली, परंतु पाडलेल्या घरांतील माणसें हवेबरोबर नाहींशीं झालीं नाहींत. त्यांतील बरींच शेजारच्या चाळींत शिरलीं, व तेथील दाटी वाढली. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईचे शेंकडा ६६ लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असल्याचें दिसून आलें, आणि अशा खोलींत सरासरी चार माणसें होतीं. पुढें डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या, त्यांत सुमारें सोळा हजार बिऱ्हाडें. पण बिऱ्हाड म्हणजे पुन्हा एकच खोली! गरिबाच्या संसाराचें माप एक खोली, ही कल्पना सुधारकांनींही गृहीत धरली होती.

त्या एका खोलीचा अर्थ काय, हें १९२१ सालच्या एका तक्त्यावरून कळतें. त्या वर्षीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें ६६७ अर्भकें दगावलीं. खोल्यांच्या संख्येप्रमाणें पाहतां एका खोलीच्या बिऱ्हाडांत हें प्रमाण ८२८, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, तीन खोल्यांच्या १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या बिऱ्हाडांत १३३ होतें. हे आंकडे जसेच्या तसे घेणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. कोंकणांतून वा घाटावरून आलेल्या कितीएक स्त्रिया बाळंतपणास गांवीं जात व मूल घेऊन परत येत. त्यामुळें जन्माची नोंद गांवीं, आणि मृत्यूची मात्र मुंबईंत, असा प्रकार होई. अर्थात् एका खोलीचा आंकडा फुगलेला आहे. पण तो निम्म्यानें कमी केला तरी ४१४ उरतो, म्हणजे दोन खोल्यांच्या आंकड्याहून अधिकच. अंकांविषयीं वाद घालतां येईल, पायऱ्यांविषयीं नाहीं.

मृत्यूचा हा तक्ता वाढीच्या चर्चेंत आणण्याचें कारण असें कीं, जें कारण दुबळ्या मुलास मारतें तेंच त्याच्याहून थोड्या सबळ मुलास खुरटवितें. वारंवार ताप व हगवण झालेल्या मुलाची भूक मरते. खाल्लेलें अन्न रोगाशीं झगडण्यांत खर्च होतें. आणि घाणींतील जंतु सतत पोटांत जात राहिल्यानें आंतड्याचा अस्तर सुजून अन्नरसाचें शोषण नीट होत नाहीं. सहाव्या महिन्यानंतर, नुसतें अंगावरचें दूध पुरेनासें होतें आणि मूल जमिनीवर रांगूं लागतें, त्याच सुमारास हें संकट तीव्र होतें. दोन वर्षांपर्यंत जी उंची गेली ती पुढें क्वचितच पुरती भरून येते.

१९२० नंतरच्या दशकांत हवेची जागा आईच्या अज्ञानानें घेतली. गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणांविषयीं डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनीं केलेल्या चौकशीचा अहवाल १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. या स्त्रियांच्या अर्भकांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जात असल्याचें त्यांत नमूद आहे. ही अफू म्हणजे घरोघर परिचित असलेली ‘बाळगोळी’. सुशिक्षितांस याचा संताप आला, व तो रास्तच होता. परंतु गोळी कां दिली जाते, हें त्यांतील थोड्यांनींच विचारलें. मुंबईच्या गिरणी-कामगारांत त्या काळीं सुमारें पंचमांश स्त्रिया होत्या. आई दिवसभर कामावर. मूल शेजारणीपाशीं अथवा सहा-सात वर्षांच्या बहिणीपाशीं. आणि तेथें तें रडलें तर घ्यावयास कोणी नाहीं. गुंगींतलें मूल दूध मागत नाहीं, आणि मागत नाहीं म्हणून त्याला मिळतही नाहीं. ज्याला आपण अज्ञान म्हटलें तें वस्तुतः वेळेचें दारिद्र्य होतें.

हें ओळखणारीं माणसें त्या काळींही होतीं. १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत प्रसूति-साह्याचें बिल आलें, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला. आईस प्रसूतीच्या आगेमागें विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशीं सरकारनें उचलावयास हवा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १९२९ सालीं कायदा झाला. भार मात्र मालकांवर पडला, आणि पुढील दशकांत गिरण्यांतून स्त्रियांची संख्या घटत गेली. २०१७ सालीं संघटित नोकरींतील स्त्रियांस सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पण चार घरचीं धुणींभांडीं करणारीस ती रजा कोण देणार? तिला मालक चार, आणि जबाबदार एकही नाहीं.

तिसरें उत्तर अन्नाचें. १९२१-२२ सालीं मुंबई सरकारच्या मजूर-कचेरीनें कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. दुष्काळ-संहितेनें मंजूर केलेल्या कमाल मापाइतकें धान्य कामगार खातो, पण तुरुंगाच्या नियमावलींत कैद्याला जितकें नेमून दिलें आहे तितकें त्याला मिळत नाहीं, असा निष्कर्ष तिच्या अहवालांत नोंदलेला आहे. पुढें कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत मॅककॅरिसन यांनीं उंदरांस हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचे आहार चारून पाहिले. गहूं, दूध, डाळी व भाजीपाला असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सर्वांत चांगले वाढले, तांदळावर भर असलेल्या मद्रासी आहारावरचे सर्वांत कमी. पोट भरणें आणि शरीर वाढणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा तेव्हांच मिळाला होता. आज पातळ पेजेच्या जागीं चहांत बुडविलेलें बिस्किट किंवा पांच रुपयांची कुरकुरीत पुडी आली आहे. ती स्वस्त आहे, तिला चूल लागत नाहीं, आणि चिमुरडी बहीणही ती फोडूं शकते. बाळगोळीचें काम आतां ही पुडी करते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

अलीकडच्या पिढीनें शौचकूप व पाणी यांस मुख्य कारण मानलें. त्यांत तथ्य आहेच. परंतु बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील खेड्यांत झालेल्या मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८-१९ च्या सुमारास बाहेर आले, आणि घरोघर शौचकूप, शुद्ध पाणी व हात धुण्याची सोय दिल्यानेंही मुलांची उंची वाढली नाहीं, असें दिसलें; पूरक आहार दिला तेथें ती थोडी वाढली. यावरून स्वच्छता निरुपयोगी ठरत नाहीं. भोंवतालची सारी वस्ती घाणींत असतां एका घराची मोरी स्वच्छ करून भागत नाहीं, इतकेंच ठरतें. आणि मुंबईंत तर पाण्याचा हक्कच कित्येक वर्षें झोपडीच्या जन्मतारखेवर अवलंबून होता. ठराविक सालानंतर उभ्या राहिलेल्या वस्तीस नळ नाकारला जाई. वस्ती बेकायदा असली तरी माणसाचें पाणी तोडतां येत नाहीं, हें उच्च न्यायालयास २०१४ सालीं सांगावें लागलें.

हवा, अफू, अन्न, पाणी: प्रत्येक पिढीचें निदान खरें होतें आणि प्रत्येकीचा उपाय अपुरा पडला; कारण हीं चार कारणें निरनिराळीं नव्हेत, एकाच खोलीच्या त्या चार भिंती आहेत. एक भिंत पाडून खोली मोठी होत नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, शंभर वर्षांत प्रगति झालीच नाहीं काय? झाली, आणि ती लहान नव्हे. २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील अर्भकमृत्यूचें प्रमाण हजारीं सुमारें २३ होतें. १९२१ ची मुंबई आठवली म्हणजे हा आंकडा चमत्कारासारखा वाटतो. परंतु या प्रगतीचें स्वरूप नीट पाहावें. लस, मीठ-साखरेचें पाणी, प्रतिजैविक औषधें यांनीं मूल वांचविलें. आणि या सर्व वस्तु खोलींत बाहेरून, प्रसंगापुरत्या आणतां येतात. उंची तशी आणतां येत नाहीं. तिला गर्भापासून दोन वर्षांपर्यंत, सुमारें हजार दिवस, रोज आईचा वेळ, रोज चांगला घांस आणि रोज स्वच्छ जमीन लागते. मुलाला मरूं न देण्याची विद्या आपण साध्य केली. त्याला वाढूं देण्यासाठीं त्याच्या आईबापांचें रोजचें जिणें बदलावें लागेल, आणि तें काम अजून आपण अंगावर घेतलेलें नाहीं. पुनर्वसनाच्या योजनांत २२५ चौरस फुटांचीं घरें पुढें ३०० चौरस फुटांचीं झालीं, हें स्वागतार्ह आहे. परंतु कित्येक ठिकाणीं इमारती एकमेकींस इतक्या खेटून उभ्या आहेत कीं, खालच्या मजल्यांवर भर दुपारीं दिवा लावावा लागतो. १८९८ चा धडाही आपण विसरलों असें म्हणावें लागतें.

आज अंगणवाडींत मुलाचें वजन व उंची मोजून नोंदविली जाते, आणि तें योग्यच आहे. पण त्या नोंदींत आईला बाळंतपणानंतर कितव्या दिवशीं कामावर जावें लागलें, वस्तींतील नळाला किती तास पाणी येतें, घरांत खोल्या किती, यांस जागा नाहीं. मुलाची उंची लिहून ठेवावयाची आणि तिचीं कारणें कोरीं सोडावयाचीं, अशानें पुढच्या पिढीसही पुन्हा आईचें अज्ञान आणि आईबापांचा ठेंगणेपणा हींच उत्तरें सांपडतील. १९२१ च्या तक्त्यांत निदान खोल्यांचा रकाना होता.