दिनविशेष, २४ मार्च : ‘कलम ६६अ’ रद्द
२०१५ साली आजच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६अ’ हे कलम घटनाबाह्य ठरवले. ‘त्रासदायक’ मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास सांगणारे, पण त्रास म्हणजे काय हे न सांगणारे हे कलम मुळातच अन्यायकारक होते.

या लढ्याची ठिणगी महाराष्ट्रातली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते नुसते ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली! त्यावर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले.

संकेतस्थळे रोखण्याचा सरकारचा ‘६९अ’खालचा अधिकार मात्र न्यायालयाने कायम ठेवला. शिवाय रद्द कलमाखालीही पोलीस गुन्हे नोंदवतच राहिले. ते थांबवण्यासाठी न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले.