थरचे वाळवंट : ओसाड नव्हे, काटकसरी

पश्चिम राजस्थान आणि सीमेपलीकडील सिंध प्रांत यांत प्रामुख्याने पसरलेले थर हे जगातील सर्वाधिक दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर आहे.

अरवलीची रांग अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना जवळजवळ समांतर असल्याने ते वारे अडत नाहीत. बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे येथवर पोहोचेपर्यंत कोरडे होतात. परिणामी जैसलमेरच्या पश्चिमेस वर्षाकाठी १५० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. हिवाळ्यात पारा गोठणबिंदूजवळ येतो.

अशा हवामानात टिकणारी वनस्पती पाण्याचा थेंबन्‌थेंब राखते. फोग व केर या झुडपांनी पानांचा पसारा जवळजवळ टाकूनच दिला असून त्यांच्या हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात. महाराष्ट्रात दसऱ्याला पूजली जाणारी शमी येथे खेजडी म्हणून ओळखली जाते. खोल मुळांमुळे ती भर उन्हाळ्यातही हिरवी असते. तिच्या शेंगांची भाजी होते, पाला जनावरांना मिळतो आणि तिच्या सावलीत बाजरी पिकते. हीच झाडे वाचविताना १७३० मध्ये खेजडली गावी अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले, असे परंपरा सांगते.

प्राण्यांचीही तीच रीत आहे. उंटाच्या मदारीत पाणी नसून चरबी असते. त्याच्या शरीराचे तापमान दिवसभरात काही अंशांनी चढू शकते, त्यामुळे घामावाटे पाणी कमी खर्च होते. चिंकारा पाल्यातील ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. शाकाहारी सांडा हा सरडा बिळाचे तोंड मातीने बंद करून आत विसावतो.

वाळवंटाचे खरे संकट मात्र दुष्काळ नव्हे, तर त्याला ‘पडीक’ समजण्याची वृत्ती हे आहे. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या आणि पुढे इंदिरा गांधी कालवा या नावाने ओळखल्या गेलेल्या कालव्याने पिण्याचे पाणी व शेती आणली, हे निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबरच सेवण गवताची कुरणे नांगराखाली गेली आणि काही ठिकाणी जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. रिकाम्या दिसणाऱ्या माळांवर पवनचक्क्या, सौर प्रकल्प व वीजवाहिन्या उभ्या राहिल्या.

या बदलाचा सर्वाधिक फटका माळढोकाला बसला. एके काळी सोलापूरजवळील नान्नजच्या माळांवरही दिसणारा हा पक्षी आता मुख्यतः जैसलमेर परिसरात उरला असून त्याची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते. वजनदार देह व समोरचे अपुरे दिसणे यांमुळे तो तारांना धडकतो. मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, त्यामुळे हानी भरून निघत नाही. वाहिन्या भूमिगत करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ मधील व्यापक आदेश मार्च २०२४ मध्ये बदलला गेला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविण्यात आला. सम व रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांत पिल्ले वाढत आहेत. मात्र ती मोठी झाल्यावर त्यांना सोडण्यासाठी गवताळ, तारमुक्त माळ शिल्लक असणे आवश्यक आहे.