वत्सगुल्म ते लेणं सोळा

इसवी सन 475चा सुमार. तुम्ही वत्सगुल्मात आहात, म्हणजे आपल्या वाशिमात. गादीवर वाकाटक हरिषेण आहे. समोर एक प्रेत आणून ठेवलंय आणि हा माणूस कशानं मेला ते तुम्ही सांगायचंय.

कौटिल्याच्या ग्रंथातली आशुमृतकपरीक्षा, म्हणजे अचानक मेलेल्याच्या प्रेताची तपासणी, तुम्हाला तोंडपाठ आहे. आधी प्रेताला तेल चोळायचं, मग निरखायचं. डोळे उघडे, हातपाय सुजलेले, पोट वाऱ्यानं फुगलेलं, गळ्यावर वळ, म्हणजे गळा दाबलाय. दात-नखं काळवंडलेली, तोंडाला फेस, म्हणजे विष; अशा वेळी ताटातलं उरलेलं अन्न पाखरांना घालून बघायचं. आज गळ्यावर वळ आहे. तुम्ही सांगता, लेखनिक उतरवून घेतो. दाराशी उभी असलेली म्हातारी पुढं येते. “जाताना त्याले लय तरास झाला का जी?”

ग्रंथात याचं उत्तर नाही. तुम्ही काम सोडता आणि पश्चिमेची वाट धरता.

अजिंठ्याला हरिषेणाचा मंत्री वराहदेव लेणं खोदवतोय. आज त्याला सोळा नंबर म्हणतात. कुंचला लगेच मिळत नाही. आधी भिंत लिंपायची: मातीत भाताचं तूस आणि गवताचे तंतू कालवायचे, वर चुन्याचा पातळ हात. मग गेरू, पिवळी माती, काजळी वाटत बसायचं. दंड भरून येतात.

पुढं डाव्या भिंतीवर सुंदरी काढायची ठरते. नवरा नंद भिक्षू झालाय, त्याचा मुकुट तेवढा सेवकाच्या हाती घरी परत आलाय. मान कलंडते तेव्हा खांदा कसा सुटतो, पापणी कितपत मिटते, हे तुमच्याइतकं तिथं कुणी पाहिलेलं नाही. पण आजवर तुम्ही पोचायचात ते सगळं संपल्यावर. ही अजून जिवंत आहे. एक दासी तिला मागून सावरतेय, दुसरी तोंडाकडे टक लावून तिचा हात धरून नाडी बघतेय.

या चित्राचं मोठेपण मला त्या धरलेल्या हातात दिसतं.

तुमच्यानंतर पंधराशे वर्षांनी मेक्सिकोची तेरेसा मार्गोलेस न्यायवैद्यक शिकून, शवागारात काम करून कलेकडे येईल. 2009 साली व्हेनिसच्या बिनालेत खून झालेल्यांचं रक्त मिसळलेल्या पाण्यानं ती फरशी पुसून घेईल, बळी गेलेल्यांच्या नातलगांकडून. तीही मागं राहिलेल्यांकडेच वळेल.

कारण शोधायची तुमची सवय मात्र भिंतीपाशीही सुटत नाही. सुंदरीच्या अंगावर घाव नाही. कारण सेवकाच्या हातात आहे. म्हणून तो मुकुट तुम्ही ठसठशीत रेषेत काढता, ही गोष्ट ठाऊक नसलेल्या वाटसरूलाही दिसावा असा.