भाषेचे घर : हैदराबाद संस्थानातील ग्रंथालय-कार्यकर्ते आणि मराठीचा दुहेरी वाटा

भारतातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासाचा आरंभ मराठी अभ्यासक बहुधा बडोद्यापासून, सयाजीराव गायकवाडांच्या १९१० च्या योजनेपासून करतात. ती राजाश्रयाने उभी राहिलेली व्यवस्था होती. जिथे राजाश्रय दुसऱ्याच भाषेला होता, तिथे ग्रंथालय कोणी उभारले, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरावा. हैदराबाद संस्थान हे त्याचे ठळक उदाहरण होय.

निजामाच्या राज्यात जवळपास निम्मी प्रजा तेलुगूभाषक होती. मराठी आणि कन्नड भाषकांची संख्याही मोठी होती. परंतु राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू राहिली. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी आसफिया ग्रंथालयाची ख्याती त्यातील अरबी, फारसी व उर्दू ग्रंथसंपदेमुळे होती. देशी भाषांतील वाचनाची सोय लोकांनी स्वतःच करावयाची होती. १ सप्टेंबर १९०१ रोजी रविचेट्टू रंगाराव यांच्या राहत्या घरी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् सुरू झाले, ते या गरजेपोटी. हे नाव लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. मराठीत आपण 'ग्रंथसंग्रहालय' म्हणतो, 'वाचनालय' म्हणतो. म्हणजे वस्तूला किंवा कृतीला स्थान देतो. येथे घर दिले आहे ते भाषेला. विजयनगरच्या सम्राटाचे नाव निजामाच्या राजधानीत ग्रंथालयास देणे, ही निवडही निरागस नव्हती.

या संस्थेचे एक प्रमुख प्रवर्तक कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव (१८७७–१९२३) यांची जडणघडण नागपूरची. थोरली बहीण व तेलुगूतील आद्य कथालेखिकांपैकी एक असलेल्या बंडारू अच्चमांबा यांच्या आश्रयाने ते तेथे शिकले, मराठी नियतकालिकांतून लिहू लागले, आणि तेलुगूत त्यांनी शिवाजीचे चरित्रही लिहिले. मंडळी, नियतकालिके, वर्गणीवर चालणारी वाचनालये हे मराठी सार्वजनिक जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. तेलुगू ग्रंथालय-चळवळीवरील मराठीचे ऋण येथवर निर्विवादपणे सांगता येते, आणि आपण ते आनंदाने सांगतोही.

उरलेला भाग मात्र आपल्या लेखनात क्वचितच येतो. नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम राज्य सामाजिक सुधारणा परिषद हैदराबादच्या विवेकवर्धिनीत भरली. संस्था मराठी पुढाऱ्यांनी उभारलेली. अध्यक्ष धोंडो केशव कर्वे. अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांतील मराठी मंडळींनी गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही, असे तेलुगू इतिहासलेखन सांगते. सभा सुधारकांची होती, हे विशेष! त्याच रात्री काही तेलुगू कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. या संघाच्या कार्यक्रमात निषेधाच्या ठरावांपेक्षा वाचनालये व शाळा काढणे आणि हस्तलिखिते, शिलालेख जमवणे यांना अधिक महत्त्व होते. अपमानाला उत्तर म्हणून पुस्तकांची कपाटे उभी करण्याचे हे धोरण माडपाटी हनुमंतराव यांच्यासारख्या संयमी चिटणिसांमुळे टिकले, असे मला वाटते.

या कार्यकर्त्यांचे काम बाहेरून पाहता अगदी साधे होते. वर्गणी गोळा करायची, पुस्तके मागून आणायची, कोणाच्या तरी ओसरीवर ती मांडायची, संध्याकाळी दिवा लावून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. रंगारावांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने दिलेल्या देणगीचा भाषा निलयम्‌ला मोठाच आधार झाला. संस्थेची स्वतःची इमारत सुलतान बाजारात १९२१ मध्ये उभी राहिली. परिषदही त्याच वर्षीची. पुढे 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सभांना पूर्वपरवानगीची अट घातली, तेव्हा ग्रंथालयांचे वार्षिकोत्सव हीच लोकांनी एकत्र येण्याची जागा ठरली. सरकारला अशा वाचनालयांचा संशय येई, तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. १९३० मध्ये जोगीपेट येथे सुरवरम् प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या पहिल्या आंध्र महासभेची वाट याच ओसऱ्यांवरून गेली होती.

संस्थान विलीन झाल्यानंतर चित्र बदलले. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आंध्र प्रदेशच्या १९६० च्या कायद्याने ग्रंथालय-कर आणि जिल्हा ग्रंथालय संस्था यांची व्यवस्था घालून दिली. कार्यकर्त्याची जागा करदाता व कर्मचारी यांनी घेतली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने कराची तरतूद केली नाही. लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे मराठवाडा, जो १९४८ पर्यंत याच संस्थानात होता, तेथील गावोगावची वाचनालये आजही बिनपगारी कार्यकारिणीच्या खांद्यावर उभी आहेत, आणि सुलतान बाजारातील जुन्या मंडळींना परिचित असलेली वर्गणीची वही तेथे अजून लिहिली जाते.